नाकाला लावलेला चिमटा

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या चित्रपटावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. २०१३ साली तयार झालेला व फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झालेला हा चित्रपट जातिव्यवस्थेचे विदारक दर्शन घडवतो आणि त्याच्या अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्याविषयी आमचा काही वेगळा अभिप्राय नाही. परंतु या चित्रपटात एक क्षुल्लक वस्तू आहे आणि तिच्याकडे पाहावे तितके पाहिले गेले नाही, असे आम्हांस वाटते. ती वस्तू म्हणजे दोरीवर कपडे वाळत घालताना लावतात तो चिमटा. कथानायक जब्या आरशात आपला चेहरा न्याहाळतो आणि नाक सरळ व्हावे म्हणून त्याला हा चिमटा लावतो. प्रेक्षागृहात या प्रसंगी हशा पिकतो. हसण्यासारखा तो आहेही. पण चित्रपट संपल्यानंतर दगडापेक्षा हा चिमटाच आमच्या मनात अधिक काळ राहिला, आणि आजचे हे लेखन त्याच्यापुरते आहे.

ज्या वाचकांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने. कैकाडी कुटुंबातला, शाळेत जाणारा किशोरवयीन मुलगा. कुटुंब गावाच्या कडेला राहते. गावात माजलेली डुकरे पकडण्याचे काम गाव त्यांच्यावर टाकते. वर्गातल्या शालू नावाच्या वरच्या जातीच्या मुलीवर जब्याचा जीव जडला आहे. तिच्याशी बोलण्याचे धैर्य नाही. काळ्या चिमणीची राख जिच्यावर टाकावी ती आपली होते, अशी एक समजूत त्याच्या मनात पक्की बसली आहे. म्हणून आपला मित्र पिऱ्या याला घेऊन तो बेचकीसह रानोमाळ हिंडतो. जीनची पँट हवी म्हणून गारेगार विकायला निघतो. घरी बहिणीचे लग्न ठरते, पैशांची गरज पडते, बाप कचरू डुकरे पकडण्याचे काम अंगावर घेतो आणि शाळेच्या आवारालगत, सर्व सवंगड्यांच्या देखत, जब्याला डुकरामागे धावावे लागते. त्या पाहणाऱ्यांत शालूही आहे.

पँट विकत घेता येते. पावडर चार आण्यांची का होईना, मिळते. नाक मात्र विकत मिळत नाही, म्हणून चिमटा. जब्याला कोणी 'तुझे नाक बसके आहे' असे चित्रपटात ऐकवत नाही. निदान आमच्या तरी लक्षात तसे काही आले नाही. त्याला हिणवले जाते ते जातीवरून, डुकरांवरून. असे असता हा मुलगा आपल्या अपमानाचे कारण आपल्या नाकात शोधायला का गेला, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते मंजुळ्यांच्या प्रतिभेची खूण इथे दिसते. त्यांनी हे ओळखले की माणसाला त्याच्या जन्मावरून कमी लेखले जाते तेव्हा तो ते शिक्षण आपल्या देहावर उतरवून घेतो. जात बदलता येत नाही हे त्याला कळते. देह बदलेल अशी आशा मात्र असते.

आता, जात आणि नाक यांचा संबंध जब्याने शोधून काढलेला नाही. तो आमच्या भाषेतच आहे. मराठीत चांगल्या दिसणाऱ्या मुलीला 'नाकीडोळी नीटस' म्हणतात. नाक आधी, डोळे नंतर. नाक चाफेकळीसारखे असावे. नसले तर 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ठेवलेलीच. गोऱ्याच्या मागे 'गोमटा' आपोआप येतो आणि काळ्याच्या मागे 'कुट्ट' किंवा 'बेंद्रा'. भाषेने जोड्या आधीच लावून ठेवल्या आहेत. पंढरीच्या सावळ्या विठ्ठलाला मराठी संतांनी सुंदर म्हटले, हे या जोड्यांना झालेले मोठे छेद होय, पण समाजाने तो देवळापुरता ठेवला. देव सावळा चालतो, सून चालत नाही.

ज्या काळात ही समजूत लोकव्यवहारात होती त्याच काळात तिला शास्त्राचा मुलामा देण्याचे कामही झाले. हर्बर्ट रिस्ले नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील जातीजमातींच्या लोकांची नाके मोजली. नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर काढले आणि १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून असे प्रतिपादन केले की नाक जितके रुंद तितका त्या जातीचा सामाजिक दर्जा खालचा. हाच गृहस्थ पुढे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख झाला. आज या मताला शास्त्रात कोणी थारा देत नाही. आपल्याकडील थोर विदुषी इरावती कर्वे यांनी तर १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकत असतानाच, ऑयगेन फिशर या वंशश्रेष्ठत्ववादी प्राध्यापकाच्या हाताखाली, माणसांच्या कवट्या मोजून पाहिल्या आणि गुरूला जे हवे होते ते त्यांत सापडत नाही असा निष्कर्ष निर्भयपणे लिहून दिला. कवटीच्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध नाही, हे तिचे म्हणणे. पंचविशीही न ओलांडलेल्या एका मराठी मुलीने हे परदेशात, परक्या भाषेत लिहावे, याचे आम्हांस आजही कौतुक वाटते. पण रिस्लेची मोजपट्टी पुस्तकांतून गेली तरी घराघरांतून गेलेली नाही. जब्याच्या हातातला चिमटा तीच मोजपट्टी आहे. फरक इतकाच की ती आता मोजला जाणाऱ्याच्याच हातात आहे.

चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे, आणि त्याची या चिमट्याशी सांगड घातली म्हणजे चित्रपटाचा एक वेगळाच अर्थ लागतो. वर्गात गुरुजी संत चोखामेळा यांचा उसाचा अभंग शिकवीत आहेत. ऊस वाकडा असतो, त्याचा रस वाकडा नसतो. बाहेरच्या रंगाला काय भुलावे, अशा आशयाचा हा अभंग महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाने कधी ना कधी घोकलेला असतो. जब्याही तो ऐकतो. ऐकतो आणि घरी येऊन आरसा काढतो.

याचा अर्थ अभंग खोटा, असा नव्हे. तो कसा शिकवला जातो, एवढाच प्रश्न आहे. अभंग नीट वाचला तर त्यातला प्रश्न पाहणाऱ्याला विचारलेला आहे. चौदाव्या शतकात मंदिराच्या बाहेर उभे केलेले चोखोबा आत उभ्या असलेल्यांना विचारतात की तुम्ही कशाला भुलला आहात. तो आरोप आहे. शाळेच्या फळ्यापर्यंत येता येता त्या आरोपाचे सांत्वन होते आणि ते ज्याच्यावर आरोप व्हायचा त्याला सोडून ज्याने तो करायचा त्याच्याच पदरात घातले जाते. 'बाळ, तू दिसायला कसाही असलास तरी तुझे अंतःकरण सुंदर आहे.' मराठी प्रवचनांत, बोधकथांत, मासिकांच्या शेवटच्या पानांवर हे वाक्य फार चालते. प्रेमानेच ते बोलले जाते. पण त्या वाक्यातले 'कसाही असलास तरी' हे शब्द मुलाला आधी ऐकू येतात. बाहेरून तू वाकडा आहेस, हा निकाल त्यात कायम झालेला असतो. फक्त शिक्षेत सूट दिलेली असते. ज्याच्या नाकात मुळीच काही दोष नाही, त्याला 'दोष असला तरी चालेल' असे सांगणे म्हणजे दोष आहे असेच सांगणे होय. आम्हांला वाटते, 'फँड्री'तला वर्गाचा प्रसंग हेच दाखवतो.

शिक्षकांचा विषय निघाला म्हणून एक प्रयोग सांगून ठेवतो. अमेरिकेत १९७३ साली क्लिफर्ड आणि वॉल्स्टर या दोन अभ्यासकांनी पाचवीतल्या मुलांची प्रगतिपत्रके अनेक शिक्षकांना दाखवली. प्रगतिपत्रकातला मजकूर तोच. वर चिकटवलेले छायाचित्र तेवढे निराळे. ज्या प्रगतिपत्रकावर देखण्या मुलाचे छायाचित्र होते, त्या मुलाची बुद्धी शिक्षकांना अधिक वाटली, त्याचे आईबाप त्याच्या शिक्षणात अधिक लक्ष घालत असतील असेही वाटले. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले होते की केवळ छायाचित्र पाहून लोक देखण्या माणसाला अधिक सुस्वभावी आणि अधिक यशस्वी ठरवतात. १९९४ साली हॅमरमेश आणि बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की दिसण्याचा परिणाम पगारावरही होतो. या शास्त्रज्ञांना जे आकडे मांडून सिद्ध करावे लागले ते आपल्या आज्यांना ठाऊक होते. मुद्दा एवढाच की यात कोणीही शिक्षक दुष्ट नव्हता. प्रत्येकाला आपण प्रगतिपत्रकच वाचतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत होते.

हा चित्रपट नगर-सोलापूरकडच्या गावाचा. आम्ही लिहीत आहोत ते सातपुड्याच्या पायथ्याशी बसून. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा नंदुरबार जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. बाहेरून येणाऱ्यांची नजर इथल्या चेहऱ्यांवर कशी पडते, ते पाहण्यासारखे आहे. होळीच्या दिवसांत अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीला मोठमोठे कॅमेरे गळ्यात घालून शहरातली मंडळी येतात. राखेने अंग रंगवलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप ल्यालेले नाचणारे तरुण आणि चांदीच्या दागिन्यांनी लगडलेल्या मुली त्यांना अतिशय सुंदर दिसतात. छायाचित्रांना बक्षिसे मिळतात, ती दिनदर्शिकांवर छापली जातात. तीच मुलगी पुढच्या आठवड्यात दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली म्हणजे तिच्या चेहऱ्याकडे कोणी वर मान करून पाहत नाही. होळीत सुंदर आणि खिडकीत अडाणी: चेहरा एकच. म्हणजे सौंदर्य मान्य झाले तरी माणूस मान्य होतोच असे नाही, ही गोष्ट 'देखण्यांचे सारे चांगले होते' या सरधोपट सिद्धांतात बसत नाही, आणि म्हणून ती मुद्दाम नोंदवली पाहिजे.

मराठी साहित्याने व चित्रपटाने हा डोंगरातला चेहरा दूरवरून पुष्कळ रंगवला. 'जैत रे जैत' हा १९७७ चा जब्बार पटेल यांचा चित्रपट आमच्या पिढीने डोक्यावर घेतला. त्यात ठाकर स्त्रीची, चिंधीची, भूमिका स्मिता पाटील यांनी केली. त्या मूळच्या खानदेशच्या, शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांच्या कन्या. सावळा वर्ण आणि विलक्षण बोलके डोळे. त्यांच्यामुळे हिंदी-मराठी पडद्यावर सावळ्या चेहऱ्याला प्रतिष्ठा आली, असे म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. तथापि ही प्रतिष्ठा त्या चेहऱ्याला मिळाली ती बहुधा झोपडपट्टीतल्या, पाड्यावरल्या, सोसणाऱ्या बाईच्या भूमिकेत मिळाली, हेही खरे. सावळेपणाला दुःखाची जागा दिली गेली. सुखवस्तू घरातल्या नायिकेची जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. आमच्या शहादा परिसरातील कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आपल्या दुःखावर दुसरेच कसे बोलतात, हे सांगते. दुःखाविषयी जे तिथे म्हटले आहे ते रूपाविषयीही म्हणता येईल.

डोंगरात रूप पाहत नाहीत, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. रूप सगळीकडे पाहतात. परंतु ते कोणत्या खुणांवरून पाहायचे, याचे इथले माप निराळे होते. कपाळावर, हनुवटीवर, डोळ्यांच्या कडेला, हातांवर गोंदलेल्या खुणा म्हणजे सोसून मिळवलेला दागिना. तो आजीने नातीकडे पाहून ठरवायचा, आणि मेल्यावरही तो सोबत जातो अशी श्रद्धा. त्यात गोरेपणाचा संबंध नव्हता, उलट गोंदणाला उठाव यायला कातडी सावळीच बरी. आता आठवडे बाजारात मुरमुरे, मिठाच्या पिशव्या आणि बॅटरीचे सेल यांच्या शेजारी गोरेपणाच्या क्रीमच्या लहान पुड्या लटकतात. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली भारतात आली. २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' काढून त्या जागी 'ग्लो' घातला गेला. जगभर रंगभेदाविरुद्ध आवाज उठला होता, तेव्हा कंपनीने नाव बदलले. पुडी तीच राहिली. शहरात शिकायला गेलेल्या आमच्या काही मुली सुटीत घरी येतात तेव्हा हातावरचे गोंदण लांब बाहीत झाकलेले असते. त्यांना कोणी 'झाका' असे म्हटलेले नाही. जब्याला तरी कोणी म्हटले होते?

आणखी एक अनुभव, कारण तो केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. सिकलसेलचा आजार आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहे. या आजाराची मुले वयाच्या मानाने लहानखुरी दिसतात, डोळे पिवळसर असतात, अंगात रक्त नसते, मधूनच हाडे दुखू लागतात. अशा मुलाला पाहून अनोळखी माणूस काय म्हणतो? 'आळशी दिसतो.' 'कामचुकार.' 'दारू पीत असेल.' चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की आजारही आपल्याला स्वभाव वाटतो.

दत्तजयंतीला शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घेणारा माणूस घोड्याचा रंग पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो. शुभ कोणता, अशुभ कोणता, हे ठरलेले असते. पण नंतर तो दात पाहतो आणि घोड्याला चालवून, पळवूनही पाहतो. आपल्याकडे मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात 'जरा चालून दाखव' म्हणण्याची पद्धत होती, ती आता गेली असे म्हणतात. घोड्याला निदान पळायला तरी मिळते.

इथवर आम्ही इतरांविषयी बोललो. आता ख्रिस्तसभेच्या अंगणात यावे लागते, कारण नाताळच्या देखाव्यात पवित्र मरियेची भूमिका कोणाला द्यायची, हा प्रश्न आपल्या प्रत्येक धर्मग्रामात दरवर्षी येतो आणि त्याचे उत्तरही दरवर्षी तेच असते. सगळ्या मुलींत उजळ असेल तिला निळे वस्त्र. तिच्याहून सावळ्या, देवदूत. त्यांच्याहून सावळ्या, मेंढपाळ. ही वाटणी कोणी वाईट हेतूने करत नाही. भगिनी आणि शिक्षिका मोठ्या हौसेने, रात्री जागून हे सगळे करतात. पवित्र मरिया 'तशी दिसते' एवढेच त्यांचे म्हणणे असते. 'तशी' म्हणजे गोठ्यातल्या प्लॅस्टरच्या मूर्तीसारखी. आणि ती मूर्ती इटलीच्या साच्यातून निघालेली. नाझरेथच्या त्या कष्टकरी कन्येचा चेहरा प्रत्यक्षात कसा होता, हे शुभवर्तमानकारांपैकी एकानेही लिहून ठेवलेले नाही. तिच्या पुत्राचाही नाही. आम्हांला यात पवित्र शास्त्राचा मोठा संयम दिसतो. दावीद देखणा होता, अबशालोमाच्या अंगी डोक्यापासून पायापर्यंत खोड नव्हती, हे लिहिणारे शास्त्र ख्रिस्ताच्या चेहऱ्याविषयी गप्प बसते. आणि यशया संदेष्ट्याच्या ज्या अध्यायात ख्रिस्तसभेने त्याचे चित्र ओळखले, तिथे तर त्या सेवकाला पाहण्यासारखे रूपच नव्हते असे वर्णन आहे.

मरियेचा चेहरा बदलण्याचा प्रयत्न एका कॅथॉलिक चित्रकाराने केला होता, आणि त्याची कथा आपल्या घरातली असल्याने सर्वांना माहीत असायला हवी. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म गोव्यातल्या सांत इस्तेव येथे १९०२ साली झाला. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून ते शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत तयार झाले. गोव्याला परतून त्यांनी मरियेला साडी नेसवली, भारतीय स्त्रीसारखे बसवले आणि तिच्या कातडीला गव्हाळ, तपकिरी रंग दिला. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्याला हे मानवले नाही. गोवा सोडून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले. आश्रम अँग्लिकन पंथीयांचा. कॅथॉलिक चित्रकाराच्या सावळ्या मरियेला आसरा मिळाला तो तिथे. १९६७ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

या चित्रांपुढे उभे राहिले म्हणजे 'अंतःकरण सुंदर' वगैरे काही म्हणावे लागत नाही. चित्रकार समजूत काढत नाही. 'सावळी असली तरी' असे तो म्हणत नाही. सावळी आहे आणि सुंदर आहे, एवढेच रंगवून बाजूला होतो. सेमिनरीत गीतरत्न शिकताना याच 'तरी'ने आम्हांला बराच वेळ अडवून धरले होते. तिथे ती कन्या आपल्याविषयी दोन गोष्टी सांगते, एक आपल्या काळ्या वर्णाची आणि दुसरी आपल्या सौंदर्याची. मूळ हिब्रूत या दोहोंना जोडणारे अक्षर 'आणि' असेही वाचता येते, 'पण' असेही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तिथे 'आणि' ठेवले. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात 'पण' आले, आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभा दीड हजार वर्षे त्या 'पण'सह ते वचन वाचत राहिली. १९८९ च्या एका मान्यवर इंग्रजी भाषांतराने पुन्हा 'आणि' केले. संत जेरोमची विद्वत्ता आम्ही कोण तपासणार! परंतु एका जोडशब्दात केवढे जग मावते, हे लक्षात यावे. फोन्सेका यांनी कुंचल्याने तो 'पण' पुसला.

मात्र त्यांच्याही कामाला एक मर्यादा आहे. बंगाली चित्रशैलीच्या संस्कारामुळे त्यांच्या मरियेचा चेहरा साधारणतः लांबट, डोळे अर्धे मिटलेले आणि नाक सरळ, निमुळते. रंग आपला झाला, नाक अजिंठ्याच्या राजकन्येचेच राहिले. सातपुड्यातल्या आईला त्या चित्रात आपली कातडी ओळखू येईल. आपला चेहरा ओळखू येईल की नाही, शंका आहे.

या कसोटीवर मंजुळे फोन्सेकांच्या एक पाऊल पुढे जातात असे आमचे मत आहे. जब्याच्या भूमिकेसाठी त्यांनी देखणा बालनट शोधून त्याला काळा रंग फासला नाही. गावात हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे हा मुलगा त्यांनी घेतला आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला. सारा चित्रपटभर आपण त्याच चेहऱ्याकडे पाहतो. जब्या आरशात पाहून निराश होतो, पण तोच चेहरा पडद्यावर पाहताना आपली नजर हलत नाही. जब्याने नाकाला चिमटा लावला तेव्हा आपण हसलो ते त्या नाकाला नव्हे, तर ते नाक इतके चांगले असताना हा वेडा असे का करतो म्हणून. जब्याच्या डोळ्यांनी जे कुरूप आहे ते कॅमेऱ्याच्या डोळ्यांनी सुंदर ठरते, आणि यासाठी एकही संवाद खर्ची पडलेला नाही. या मुलाला त्या वर्षीचा उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

एवढे म्हटल्यावर चित्रपटातली उणीवही सांगितली पाहिजे. शालू ही या चित्रपटात माणूस म्हणून जवळजवळ नाहीच. ती दिसते, वळते, मैत्रिणींबरोबर हसते, निघून जाते. तिच्या मनात काय आहे हे दिग्दर्शक विचारत नाही. जब्याचे वय पाहता हे क्षम्य आहे, कारण त्या वयात मुलगी अशीच दिसते. पण जो चित्रपट एका मुलाला केवळ पाहिले जाण्याच्या यातनेतून सोडवू पाहतो, त्याने एका मुलीला केवळ पाहण्याची वस्तू म्हणून ठेवावे, हे खटकते. काळ्या चिमणीचे प्रतीकही आम्हांस याच अंगाने अस्वस्थ करते. उजळ शालू मिळावी म्हणून जाळायची आहे ती काळी चिमणीच. स्वतःला काळा म्हणून नाकारणारा मुलगा रानात जाऊन काळ्याच पाखरावर नेम धरतो. मंजुळ्यांना हे अभिप्रेत असावे असे वाटते, कारण ती चिमणी शेवटपर्यंत त्याच्या हाती लागत नाही.

आमच्या धर्मग्रामातील युवकांसाठी आम्ही हा चित्रपट सभागृहात दाखवला आणि नंतर चर्चा ठेवली. मुले पुष्कळ बोलली. दगडाविषयी, राष्ट्रगीत सुरू झाल्यावर डुकराचा पाठलाग थांबवून उभ्या राहिलेल्या कुटुंबाविषयी, शाळेच्या भिंतीवरल्या आंबेडकरांच्या, फुल्यांच्या चित्रांसमोरून नेलेल्या डुकराविषयी. मुली गप्प होत्या. शेवटी बारावीतली एक पावरा मुलगी उठली आणि तिने विचारले, "फादर, जब्याला वाईट वाटतं की त्याच्याकडं कोणी पाहत नाही. पण त्याच्या वस्तीत पण मुली असतील ना? त्यानं त्यांच्यातल्या एकीकडं तरी पाहिलं का?"

सभागृहात कोणी काही बोलले नाही. आम्ही त्यानंतर तो चित्रपट पुन्हा एकदा, केवळ या प्रश्नासाठी, पहिल्यापासून पाहिला. घरात लग्नाची बहीण आहे, आई आहे, आजूबाजूला राबणाऱ्या बाया आहेत. जब्याच्या वयाची, त्याच्या रंगाची, त्याने जिच्याकडे वळून पाहावे अशी एकही मुलगी आम्हांला त्यात सापडली नाही.